सेवेला निघताना मच्छरदाणी आधी

परदेशात सेवेसाठी निघालेल्या स्वयंसेवकाला ‘तिथल्या लोकांसारखे राहा, सोयी कशाला?’ असा सल्ला हमखास मिळतो. युगांडासारख्या देशात तो जिवावर बेतू शकतो. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा. उपचार लांबले तर मेंदूवर परिणाम करणारा. लहानपणी भारतात मलेरिया होऊन गेला, एवढ्याने त्यापासून संरक्षण मिळत नाही. त्यामुळे कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी ही तिथे चैन नव्हे, गरज आहे.

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन ही प्रतिबंधक गोळी दिली असेल, तर परतल्यावरही ४ आठवडे ती घ्यायची असते. घरी आलो म्हणून सोडायची नसते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. रक्तदाब, मधुमेहाची रोजची औषधे आणि ओआरएसची पाकिटे जवळच्या पिशवीत असावीत. मोठ्या बॅगेत लोणच्याची बरणीही खुशाल न्यावी. परक्या मुलुखात दोन घास जास्त जातात, हेही कमी नाही.

आजारी पडलेला स्वयंसेवक तिथल्याच एखाद्या रुग्णाची खाट अडवतो. स्वतःला सांभाळणे हीही सेवाच आहे.