कृश देहातील मधुमेह
मधुमेह व हृद्रोग हे लठ्ठ, सुखवस्तू माणसांचे विकार होत, ही समजूत आता टाकून द्यावयास हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो भरले. मात्र ही तूट स्नायूंत अधिक, त्वचेखालील चरबीत कमी होती. रोगाचे बीज गर्भातच पडत असेल, तर चाळिशीत साखर सोडण्याचा उपदेश पुरेसा कसा ठरावा? दूध, पालेभाज्या व फळे खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने सरस निघाली, हेही याच अभ्यासात दिसले. शेतात राबून सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या ताटात काय उरते, हे घराने आणि सरकारनेही प्रथम पाहावे.