कळपाबाहेरच्या मुलांचे वाङ्मय

तेरा ते सतरा या वयाच्या मुलाला गुरुजनांच्या रागलोभापेक्षा वर्गातील पाचसहा समवयस्कांच्या निवाड्याचे भय अधिक वाटते. कोणत्या बाकावर बसावे, कोणाबरोबर डबा उघडावा, कोणाच्या विनोदाला हसावे, या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींत त्याची सारी प्रतिष्ठा पणाला लागलेली असते. आणि ज्याला कोणत्याच टोळीत प्रवेशाचा परवाना मिळत नाही, त्याची फिर्याद ऐकून घेणारी कचेरी घरी नसते आणि शाळेतही नसते. अशा मुलाची रुजुवात जर कोठे होत असेल, तर ती ग्रंथात होते, अशी माझी श्रद्धा आहे, आणि म्हणूनच आजचा हा स्तंभ कुमारांच्या कथावाङ्मयाला वाहिला आहे.

हैदराबादेतील मराठी मुलांच्या वाट्याला हा एकाकीपणा दुहेरी येतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि ज्या राजधानीशी त्या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार होता, तेथील मराठी वस्ती आपल्या माणसांपासून राज्याच्या हद्दीने अलग झाली. आज सुलतानबाजार वा काचीगुडा भागात वाढणारे मूल शाळेत इंग्रजी व तेलुगू, रस्त्यावर दखनी आणि घरात मराठी बोलते. वर्गसोबत्यांच्या लेखी ते मराठीवाले असते, आणि सुटीत पुण्याला गेले म्हणजे त्याच्या बोलण्यातील हेल ऐकून मामेभावंडे हसतात. दोन्हीकडे उपरे ठरलेल्या या मुलाच्या हाती आपण कोणते पुस्तक देतो?

भा. रा. भागवतांनी निर्माण केलेला बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात येतो आणि ‘फास्टर फेणे’ म्हणून साऱ्यांच्या कौतुकाचा धनी होतो. त्या कथांनी तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि फेणेला मिळणारी मान्यता पराक्रमाने मिळते, आणि जो सायकलवर चोरांचा पाठलाग करू शकत नाही, ज्याच्या अंगी कसलेच लोकोत्तर कौशल्य नाही, त्या सामान्य व संकोची मुलाने काय करावे, हा प्रश्न तेथे उरतोच.

त्याचे उत्तर मला प्रकाश नारायण संतांच्या लंपनमध्ये सापडते. कराडला भूशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या लेखकाने ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांत आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांच्या घरी वाढणारा मुलगा उभा केला. त्याचे गाव मराठी आणि कानडी यांच्या सीमेवरचे, त्याची भाषा दोहोंचे पाणी प्यालेली. आणि तरीही त्या भाषेबद्दल लेखकाने कोठे क्षमायाचना केली नाही, की तिला प्रमाण मराठीच्या साच्यात दडपले नाही. लंपन कोणाला जिंकत नाही; तो पाहतो, ऐकतो, गाण्याने व्याकूळ होतो, आणि त्याचे हे हळवे निरीक्षण हेच त्याचे सामर्थ्य ठरते. हैदराबादच्या मुलाला आपल्या मिश्र बोलीची लाज वाटू नये, हे जे शंभर व्याख्यानांनी साधणार नाही, ते या कथांनी साधेल.

मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ने (2004) या एकाकीपणाची दुसरी बाजू दाखविली. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची ही कथा टोळीच्या आतून सांगितलेली आहे: अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारे चार मित्र, त्यांचे सांकेतिक शब्द, त्यांचे परस्परांवरील प्रेम आणि इतरांविषयीची सहज निष्ठुरता. टोळी ही दुष्टांची संघटना नसून भ्यालेल्या मुलांनी एकमेकांना दिलेले अभय असते, हे ज्या वाचकाला त्यातून उमगेल, त्याच्या मनातील टोळीचा दरारा निम्मा ओसरेल.

अमेरिकेत 1967 साली ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची लेखिका एस. ई. हिंटन अवघी अठरा वर्षांची होती आणि तिने लेखनास प्रारंभ केला तो शाळेत असतानाच. टल्सा शहरातील दरिद्री व धनिक मुलांच्या टोळ्यांचे वैर तिने चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वदविले, आणि वर्गातील भेद हे पुष्कळदा घरच्या मिळकतीचे भेद असतात, हे निःसंकोच मांडले. आपल्याकडे त्यात जातीची आणि धर्माची भर पडते. हैदराबादेतीलच ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास केंद्राने 2008 मध्ये ‘डिफरंट टेल्स’ ही मालिका इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळम भाषांत सिद्ध केली. गोगू श्यामला, मोहम्मद खदीर बाबू प्रभृतींच्या त्या कथांत ज्यांचे घर, ज्यांचा स्वयंपाक आणि ज्यांचे श्रम क्रमिक पुस्तकांना परके, ती मुले नायक होऊन येतात.

येथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. ‘तू जसा आहेस तसा स्वतःला स्वीकार’ हा उपदेश हल्ली मुलांना वारंवार केला जातो. परंतु ज्याला चारचौघांनी नाकारले, त्याच्यावरच स्वीकाराचीही सारी जबाबदारी टाकणे हा अन्याय आहे. आत्मस्वीकार एकट्याने साधत नाही. आपल्यासारखे कोणी पूर्वी जगून गेले आहे, त्याची कोणी आस्थेने नोंद घेतली आहे, याचा दाखला मिळाल्यावरच तो अंकुरतो. आणि तीच पुस्तके टोळीतल्या मुलाने वाचली, तर बाहेर ठेवलेल्याच्या मनात काय चालते ते त्याला कळते. या वाङ्मयाची त्यालाही तितकीच गरज आहे.

अडचण आहे ती कपाटांची. चौदा वर्षांच्या मुलाला बालवाङ्मय पोरकट वाटते आणि लंपन असतो मोठ्यांच्या कथाविभागात, जिकडे तो सहसा फिरकत नाही. तेव्हा इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या आपल्या संस्थांनी कुमारांसाठी एक स्वतंत्र कपाट राखण्याची तजवीज करावी, त्यात संत, बोकील आणि हिंटन शेजारी शेजारी ठेवावेत, ‘अन्वेषी’च्या कथा मराठीत आणण्यासाठी अनुवादक नेमावेत, आणि मराठी साहित्य परिषदेने ‘पंचधारा’ या आपल्या नियतकालिकाची काही पृष्ठे याच वयाच्या मुलांच्या लेखनाला, त्यांच्या दखनी-तेलुगू वळणाच्या मराठीसह, शुद्धीकरणाविना बहाल करावीत. हिंटनने शाळकरी वयात जे केले, ते येथील एखाद्या मुलीला करावेसे वाटले, तर तिचे हस्तलिखित वाचणारा संपादक या शहरात असला पाहिजे.