रोजगार हमी: कृपा कीं हक्क?

राज्यघटनेचें ४१ वें कलम न्यायालयांत बजावतां येत नाहीं, सबब रोजगार हमीस कायद्याचा पाया नाहीं, असें म्हणणारे आहेत. हा युक्तिवाद आम्हांस लंगडा वाटतो. जें कलम कामाच्या हक्काची तरतूद करण्यास सांगतें, तें विधिमंडळाचे हात कसें बांधील? १९७२ सालीं ही योजना केवळ शासननिर्णयावर उभी होती. तो पाया एका सहीनें खचला असता. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजीं अमलांत आला आणि मागणीपासून पंधरा दिवसांत काम, न पेक्षां बेकारभत्ता, हें बंधन शासनावर पडलें. कापसाची वेचणी संपल्यावर दिग्रसचा मजूर काम मागूं लागला, तो याचक म्हणून नव्हे. याच हमीसाठीं १९७५ सालीं आम्हां पगारदारांवर व्यवसायकर बसला. तो दानधर्म समजणाऱ्यांनीं कायदा एकदां वाचावा.