ओटीपी शिळा होतो, रिपोर्ट नाही

क्वांटम संगणक बँका लुटेल, ही भीती जरा जास्तच रंगवली जाते. ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो. श्रीरामपूर किंवा नेवाशाच्या दवाखान्यात १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला जोडलेला एचआयव्हीचा रिपोर्ट मात्र ३० वर्षांनीही माणसाला छळू शकतो. चोराने आज ती कुलूपबंद माहिती नुसती साठवायची. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या रीतीने प्रचंड संख्यांचे अवयव पाडणारे यंत्र आले, की आरएसएसारखे कुलूप उघडलेच. तेवढे मोठे यंत्र अजून नाही. नवी कुलपे मात्र तयार आहेत. अमेरिकेच्या ‘निस्ट’ने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची मानके जाहीर केली. ती बँकांआधी रुग्णनोंदींना बसवावीत. तोवर चोरीला गेलेल्या नोंदी जुन्याच कुलपात राहणार आहेत.