पंचावन्नाव्या वर्षीचा ताळेबंद

दिवाळीला चोपडीपूजन होते, जुनी खाती मिटतात, येणे-देणे नव्या पानावर ओढले जाते. व्यापारी घरात हिशेबाचा संकोच कोणालाच नसतो. पण पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थाला विचारून पाहावे की, भागीदाराने दिलेला दगा, अकाली गेलेली पत्नी, ज्या श्रद्धेवर भिस्त ठेवली तिला गेलेला तडा, हे सारे कोणत्या पानावर मांडले आहे? तो विषय बदलील, नाहीतर सोन्याचा भाव सांगू लागेल. असल्या गोष्टी बोलणे आपल्याकडे अप्रतिष्ठेचे. आणि त्या बोलता बोलता हसणे तर त्याहूनही अप्रतिष्ठेचे.

सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी आग्र्यातील एका श्रीमाळ जैन जवाहिऱ्याला मात्र तसे वाटले नाही. कविवर बनारसीदासांचे नाव आपल्या स्वाध्यायमंडळांत ‘समयसार नाटका’मुळे आदराने घेतले जाते. 1586 साली जौनपुरात जन्मलेल्या या कवीने 1641 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, स्वतःची जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे आयुर्मान एकशे दहा वर्षे धरून त्यांनी तिला ‘अर्धकथानक’ हे नाव दिले. पंचावन्नाव्या वर्षी आपण निम्म्यावर आलो आहोत असे गणित मांडणाऱ्या माणसाचा स्वभाव तेथेच कळतो.

आता त्यांचा व्यापार पाहा. वडील खरगसेन यांनी रत्ने, तूप, तेल आणि कापड देऊन त्यांना विश्वासाने आग्र्यास पाठविले. चिरंजीवांनी माणके इजारीच्या नाडीत बांधली आणि इजार दोरीवर वाळत घातली. उंदराने नाडी कुरतडून माणके पळविली! आपल्या पेढीवर अशी गोष्ट घडली असती, तर तीन पिढ्या ती बाहेर फुटू दिली नसती. बनारसीदासांनी ती छंदात बसविली. भांडवल संपले, तेव्हा ते रात्री घरी बसून ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचू लागले. ऐकायला दहा-वीस माणसे जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घेतल्या, आणि काही महिन्यांनी आपल्याजवळ दमडी नाही हे स्वतःच त्याला सांगून टाकले. त्या भल्या माणसाने, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, म्हणून धीर दिला. पुढे हिशेब झाला तो चौदा रुपयांचा, आणि तो त्यांनी चुकता केला. दिवाळखोरीच्या त्या दिवसांतील हे एक खाते तरी स्वच्छ मिटले.

त्याआधीची एक गोष्ट तर ते स्वतःवर अधिकच निर्दय होऊन सांगतात. एका भोंदू संन्याशाने मंत्र दिला: वर्षभर शौचकूपात बसून गुप्तपणे जप करावा, म्हणजे रोज दारात एक दीनार पडलेला मिळेल. तरुण बनारसीने वर्षभर जप केला, आणि मुदत भरल्यावर पहाटे उठून दार धुंडाळले. काही नाही. तिथी मोजण्यात चूक झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशीही धुंडाळले! चिटफंडात आणि दामदुपटीच्या योजनांत पैसे घालणाऱ्या आपल्या मंडळींनी हा प्रसंग जरूर वाचावा. तो दुसरा दिवस आपल्याही ओळखीचा आहे.

परंतु या विनोदाला एक मर्यादा आहे, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. पहिली पत्नी आणि मूल माहेरी, खैराबादेत, वारल्याचे वर्तमान घेऊन न्हावी आला. त्याच पत्रात मेहुणीशी त्यांची सोयरीक ठरल्याचेही लिहिले होते. ही स्थिती सांगताना त्यांनी लोहाराच्या सांडशीचा दाखला दिला: क्षणात विस्तवात, क्षणात पाण्यात. यात हसू आहे, पण ते दैवाच्या तऱ्हेवाईकपणाला आहे. गेलेल्यांच्या वाट्याला ते येत नाही. तीन विवाह झाले, सात पुत्र आणि दोन कन्या झाल्या, आणि नऊच्या नऊ अपत्ये गेली. तेथे कवी एकही थट्टा करीत नाही. पानगळ झालेल्या झाडांसारखे पतिपत्नी उरले, एवढेच सांगतो आणि थांबतो. ज्याला उंदरावर पद्य रचता आले, त्याला येथेही काही चतुर बोलता आले असते. तो बोलला नाही.

श्रद्धेच्या भंगाचाही हिशेब त्यांनी तितकाच उघड मांडला. अध्यात्मग्रंथ वाचून बाह्य क्रियांवरचे मन उडाले, पण आतला आधार अजून हाती लागला नव्हता. त्या काळात ते तीन मित्रांसह कोठडीत दार लावून, वस्त्रे टाकून, आपण आता निष्परिग्रही मुनी झालो असे म्हणत फिरत. लोक नावे ठेवीत. पुढे पंडित रूपचंद आग्र्यास आले, गोम्मटसाराचे विवेचन झाले, गुणस्थानांप्रमाणे आचरणाची पायरी कशी असते ते उमगले, आणि चित्त स्थिर झाले. येथे इतर आत्मचरित्रकारांनी पूर्वायुष्यावर पांघरूण घातले असते; कोठडीतील तो खेळ गाळणे तर फारच सोपे होते.

चित्त स्थिर झाल्यावर त्यांनी आपले गुण-दोष जमा-नावे करून लिहिले आहेत, ते पान तर माझ्या फार आवडीचे. क्षमा आणि संतोष जमेला. काव्यपठणाची हातोटी जमेला. नावे बाजूला मात्र रक्कम मोठी. क्रोध, मान, माया किरकोळ. पण लक्ष्मीचा लोभ फार. घर सोडवत नाही. जप-तपाची आवड नाही. थोड्या लाभाने हर्ष, थोड्या हानीने चिंता. अकस्मात भय वाटते. आणि एकांत मिळाला की आपण नाचू लागतो, हेही त्यांनी त्याच यादीत, दोषांच्याच बाजूला, नोंदवून ठेवले आहे. नऊ अपत्ये गमावलेला पंचावन्न वर्षांचा जवाहिऱ्या दार लावून नाचतो! ही एक रक्कम त्यांनी चुकीच्या बाजूला मांडली, असे मला दर वेळी वाटते.