तरुणांना मंडळीच्या कारभारात घ्या

अहमदनगरच्या जुन्या मंडळ्यांपासून वसईच्या धर्मग्रामांपर्यंत वडीलधाऱ्यांच्या तोंडी अलीकडे एकच तक्रार असते, की तरुण पिढी उपासनेला येईनाशी झाली. आणि तीवर उपाय म्हणून गिटार, ड्रम, पडद्यावर उमटणारे गीतांचे शब्द व आखूड प्रवचन यांची तजवीज केली जाते. या गोष्टींना माझी हरकत नाही. परंतु ज्या पिढीच्या हातातल्या मोबाइलवर जगातले उत्तमोत्तम संगीत अष्टौप्रहर हजर आहे, ती केवळ वाद्यांच्या ओढीने रविवारी सकाळी चर्चची पायरी चढेल, ही अपेक्षा व्यर्थ होय.

तरुणांना मंडळीत काम नसते असे नाही. नाताळ जवळ आला की चांदणी टांगायला, रात्री घरोघर कॅरल गात फिरायला, खुर्च्या मांडायला आणि प्रीतिभोजनाच्या पंगतीत वाढायला तेच लागतात. मात्र पास्टोरेट कमिटी बसते, अर्पणाचा जमाखर्च वाचला जातो, मिशनच्या अमदानीपासून चालत आलेल्या जमिनींचा आणि बंगल्यांचा विषय निघतो, तेव्हा त्यांचे मत कोणी विचारीत नाही. जमिनीच्या दाव्यांत वर्षानुवर्षे गुंतलेली आणि निवडणुकीत दोन तट पडलेली मंडळी ते दुरून पाहत असतात, आणि क्षमेवरील प्रवचनाशी त्या दृश्याचा मेळ त्यांना घालता येत नाही. नोकरीचा अर्ज भरणारा दलित ख्रिस्ती तरुण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींना आपण का मुकलो, आणि मंडळीतल्या सोयरिकी आजही जात पाहून का जुळतात, असे विचारतो, तेव्हा ‘प्रार्थना कर’ एवढेच उत्तर देऊन पाळकांनी त्याची बोळवण करू नये.

या बाबतीत आपल्याला परक्या आदर्शाची गरज नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन, अभंग आणि कीर्तन रुजवले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांचे नगरचे घर तरुणांना किती मोकळे होते, याची आठवण मंडळ्यांत क्वचितच काढली जाते. बालकवी ठोंबरे यांना टिळक दांपत्याने पोटच्या मुलाच्या मायेने घरात ठेवून घेतले, त्यांचे रुसवेफुगवे सोसले, त्यांच्या काव्याची जोपासना केली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ते सारे आहे. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, म्हणून त्या मायेत अंतर पडले नाही. पुढे १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ उभारला, त्यातही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही स्थान होते. तरुणाच्या श्रद्धेची झडती न घेता त्याला आधी आपला म्हणावे, ही रीत महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजात शंभर वर्षांपूर्वीच पडली होती.

कॅथलिक चर्चसारख्या परंपरानिष्ठ संस्थेलाही अधिकाराच्या वाटणीचा हा प्रश्न टाळता आला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली तरुणांविषयी रोमला सिनड भरवली, तेव्हा निमंत्रित तरुण सभागृहात बसले, बोलले, पण मतदानाचा हक्क त्यांना नव्हता. २०२३ च्या सिनडमध्ये मात्र बिशपांच्या बरोबरीने काही प्रापंचिक स्त्रीपुरुषांना व तरुणांनाही मताधिकार मिळाला. रोममध्ये जे अवघ्या पाच वर्षांत घडू शकले, ते आपल्या पॅरिश कौन्सिलांत आणि पास्टोरेट कमिट्यांत अशक्य मानण्याचे कारण मला दिसत नाही.

तेव्हा मंडळ्यांच्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की येत्या वार्षिक सभेत कमिटीसाठी पंचविशीच्या आतल्या निदान दोघांची, एका मुलाची आणि एका मुलीची, नावे आपण होऊन सुचवावीत, आणि पहिल्याच बैठकीत हिशेबाच्या वह्या व जमिनीचे दप्तर त्यांच्यापुढे ठेवावे.