कुणबिणींचा शनिवारवाडा

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना कापून काढले. अर्ध्याएक तासाच्या त्या कापाकापीत पेशव्यांसह अकरा माणसे मेली: सात ब्राह्मण, दोन मराठे चाकर आणि दोन दासी. एक गायही मारली गेली. धन्याला वाचवायला अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर पुणेकरांना माहीत आहे, इच्छारामपंत ढेरे माहीत आहेत, सुमेरसिंग गारदी तर घरोघर माहीत आहे. त्या दोन बायकांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत.

वाड्याची गोष्ट सांगायची आपली रीतच तशी पडली आहे. पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च आला १६,११० रुपये. हजारी कारंजे, दिल्ली दरवाजा, १८२८ ची आग. हे सारे खरे आहे आणि सांगायलाच हवे. पण एवढ्या मोठ्या खटल्याचे दळण कोण दळत होते? कांडण, पाणी, शेणगोठा, कोठीतले धान्य पाखडणे, पंगतींची उष्टी-खरकटी ही कामे कोणाच्या अंगावर होती? पेशवे दफ्तरात याचे उत्तर आहे. कुणबिणींच्या.

ही कुणबीण म्हणजे कुणबी घरातली बाई नव्हे. विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली किंवा सरकारजमा झालेली ही बाई होती. दुष्काळात आईबापांनी धान्यासाठी विकलेल्या मुली, मुलुखगिरीत धरून आणलेल्या बायका, लमाणांच्या तांड्यांबरोबर बाजारात आलेल्या पोरी, अशा वाटांनी त्या पुण्यात पोहोचत. सरकारी कुणबिणी कोठीवर, पागेत, थट्टीत, किल्ल्यांवर नेमल्या जात. सरदारांच्या आणि सावकारांच्या घरी खासगी कुणबिणी असत. त्यांच्या पोटची मुलेही धन्याच्याच मालकीची. म्हातारपणी सुटका मागायची तर बऱ्याचदा बदली दुसरी बाई द्यावी लागे, म्हणजे एकीच्या सुटकेची किंमत दुसरीने मोजायची.

सर्वांत अस्वस्थ करते ती आणखी एक वाट. व्यभिचाराचा ठपका बसलेल्या बाईला सरकार स्वतःच गुलाम करत असे. पुण्याच्या कोतवालीच्या कागदांत अशी प्रकरणे सापडतात. आरोप, चौकशी, मग दंड किंवा बाई सरकारजमा. त्यातही जात पाहिली जाई. गुलामीची शिक्षा प्रामुख्याने ब्राह्मणेतर बायकांच्या वाट्याला येई, ब्राह्मण बाई सहसा त्यातून वगळली जाई. धर्मरक्षण म्हणून दिलेल्या शिक्षेतून सरकारी कोठ्यांना आणि किल्ल्यांना फुकट राबणारे हात मिळत होते. हे राज्याचे उत्पन्न होते, आणि त्याला त्याच नावाने हाक मारली पाहिजे.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. आपल्याकडे अमेरिकेसारखे काही नव्हते, कुणबिणी घरच्यासारख्या असत. फरक आहे हे मान्य. मिसिसिपीकाठचे उसाचे आणि कापसाचे मळे इथे नव्हते, कातडीच्या रंगावर उभी केलेली गुलामीही नव्हती. एखाद्या घरी कुणबिणीला मायेने वागवलेही असेल. पण जिला घरच्यासारखे वागवले तिला आंदण म्हणून लेकीबरोबर पाठवताही येत होते, हे त्याच घरांचे कागद सांगतात.

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. अमेरिकेत गुलामगिरी घटनेने बंद होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. गंज पेठेत राहणाऱ्या माणसाला लुईझियानाचे दुःख आपले वाटले, कारण शूद्रातिशूद्रांचे जिणे त्याच्या डोळ्यांसमोर होते. पुण्यातल्या प्रत्यक्ष गुलामीला कायद्याचा आधार जाऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. १८४३ च्या कायद्याने कोर्टांनी गुलामीचे हक्क मानणे थांबवले आणि १८६२ मध्ये भारतीय दंड संहिता लागू झाल्यावर माणूस विकणे-घेणे गुन्हा ठरले.

त्याच लुईझियानात व्हिटनी नावाचा उसाचा मळा आहे. जॉन कमिंग्ज या वकिलाने तो विकत घेतला आणि डिसेंबर २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला केला. शेजारच्या मळ्यांवर मालकांचे झुंबर आणि जिने दाखवतात. इथे कहाणी राबणाऱ्यांची आहे. दगडी फलकांवर लुईझियानातल्या १,०७,००० गुलामांची नावे कोरली आहेत. ती मिळाली कुठून? ग्वेन्डोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी कचेऱ्यांतले खरेदीखतांचे, वाटण्यांचे आणि मृत्युपत्रांचे जुने कागद वर्षानुवर्षे उपसले, त्यातून. मालकांनी हिशेबासाठी लिहून ठेवलेली नावे पुढे त्या माणसांचे स्मारक झाली.

पुण्याकडे असे कागद आहेत. पेशवे दफ्तर इथेच आहे. गो. स. सरदेसाईंनी त्यातले ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत छापले, गणेश चिमणाजी वाडांनी त्याआधी रोजनिशीतले उतारे प्रसिद्ध केले. सुमित गुहा आणि उमा चक्रवर्ती यांनी या विषयावर लिहिले आहे, मराठीत गवळी यांचा ‘पेशवेकालीन गुलामगिरी व अस्पृश्यता’ हा ग्रंथ आहे. म्हणजे अभ्यास झाला आहे, तो वाड्याच्या दारापर्यंत आलेला नाही.

आणायचा तर जागाही ठरलेली आहे. वाड्याच्या दक्षिणेकडचा जांभूळ दरवाजा नाटकशाळा आणि दासींच्या ये-जा करण्याचा म्हणून सांगितला जातो. तिथे मराठीत एक सविस्तर फलक लावावा, त्यावर कुणबिणी कुठून येत, काय काम करत, कशा सुटत हे लिहावे. दुसरे काम जास्त वेळखाऊ आहे. दफ्तरातल्या कुणबिणींच्या नोंदींची सूची व्हायला हवी: नाव, वय, कोणाकडून आली, कुठे नेमली. मोडी शिकणारी तरुण मुले-मुली पुण्यात आजही आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था आहे. लढायांची आणि तहांची पत्रे वाचायला उत्साह असतो. त्यातला थोडा उत्साह कोठीच्या हिशेबांकडे आणि कोतवालीच्या दप्तराकडे वळवला, तर पहिली यादी हाती यायला फार काळ लागू नये.